बालगंधर्वांच्या मंडळीचा जमाखर्च

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असे संपादिकाबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. मी मंडळाची खजिनदार. माझा संबंध पावतीपुस्तकाशी आणि कीर्दखतावणीशी. लेख लिहिणे, कविता करणे हे आपल्या मंडळातील सुविद्य भगिनींचे काम. पण यंदाच्या वार्षिक सभेत जो वाद झाला, त्याने मला पावसाळाभर स्वस्थ बसू दिले नाही, आणि शेवटी लेखणी हाती घ्यावीच लागली.

वाद कशावरून झाला हे सभेला हजर असणाऱ्या भगिनींना ठाऊकच आहे. आपल्या वर्धापनदिनाच्या नाटकाला यंदा बरीच तूट आली. पडद्यांचे आणि दिव्यांचे भाडे वाढले, रंगभूषाकार बाहेरून आणावा लागला, पेटी-तबल्याच्या साथीदारांचा दोन दिवसांचा मुक्काम झाला, मांडवाचा खर्च झाला तो वेगळाच. जमेकडे पाहावे तर वर्गणी, चार जाहिराती आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी गणपतीत येऊन दिलेली पाकिटे, एवढेच. हिशेब वाचून झाल्यावर काही भगिनी म्हणाल्या की हा नाटकाचा खटाटोप आता पुरे. हळदीकुंकू करावे, पाककृतींची स्पर्धा ठेवावी, म्हणजे खर्चही बेताचा राहील. त्यावर एक वडीलधाऱ्या बाई रागावल्या. कला पैशांत मोजायची नसते, बालगंधर्वांनी कधी पैशाकडे पाहिले होते का, असे त्यांनी विचारले. सभा दोन बाजूंना झाली. माझ्याकडेही पुष्कळांनी पाहिले. मी मान खाली घालून वही मिटली. का मिटली, ते शेवटी सांगेन.

घरी आल्यावर मात्र त्या बाईंचा प्रश्न मनातून जाईना. बालगंधर्वांनी खरोखरच पैशाकडे पाहिले नव्हते काय? आणि नसेल पाहिले, तर पुढे काय झाले? त्यांच्या गाण्याविषयी आणि रूपाविषयी आपण सर्वांनीच ऐकलेले आहे. पण त्यांच्या नाटक मंडळीच्या जमाखर्चाविषयी कोणी बोलत नाही. मिळाले ते वाचले, आणि एका खजिनदाराच्या दृष्टीने त्यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहे. अधिक-उणे झाल्यास भगिनींनी सांभाळून घ्यावे.

नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचे मूळ नाव. राजहंसांचे घराणे सांगलीकडच्या नागठाण्याचे. जन्म २६ जून १८८८ चा. घरची स्थिती साधारण, परंतु मुलाचा गळा देवाने दिलेला. लहानपणी जळगावास नातलगांकडे राहून त्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले. दहा-अकरा वर्षांचे असताना पुण्यास लोकमान्य टिळकांपुढे गाण्याचा योग आला. ते गाणे ऐकून लोकमान्यांच्या तोंडून बालगंधर्व हे नाव निघाले, आणि तेच जन्माचे नाव होऊन बसले.

पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांची कृपादृष्टी त्यांच्याकडे वळली. मुलाला ऐकू कमी येत होते, म्हणून महाराजांनी मिरजेच्या मिशन इस्पितळात त्याच्या कानांवर उपचार करविले. १९०५ साली नारायणराव किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेत रंगभूमीवर उभे राहिले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ज्या ‘शाकुंतला’ने संगीत रंगभूमीचा पाया घातला, तेच हे नाटक. त्या काळी कुलीन घरातील स्त्रिया रंगभूमीवर येत नसत आणि स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. आपल्या दशावतारात आजही पुरुष नट राणी होतो, लक्ष्मी होतो, आणि आपण जत्रेत पहाटेपर्यंत बसून ते पाहतो. तेव्हा ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

किर्लोस्कर मंडळीत भास्करबुवा बखल्यांसारखे गुरू लाभले. १२ मार्च १९११ या दिवशी खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा मुंबईस पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलावा असे सर्वांना वाटले. पण तिकिटे विकली गेली होती, प्रेक्षक यायचे होते. नारायणराव भामिनी होऊन रंगभूमीवर उभे राहिले. आई असलेल्या प्रत्येक बाईला हे वाचताना गलबलून येईल. मला येथे आणखी एक गोष्ट दिसते. प्रेक्षकाने तिकिटाला दिलेला पैसा म्हणजे आपल्यावरील ऋण, ही भावना त्यांच्या ठायी तेव्हापासूनच होती. प्रेक्षकांना ते मायबाप मानीत. ऋण फेडायचे असते हे त्यांना पक्के माहीत होते. ऋण होऊ द्यायचे नसते, एवढे मात्र त्यांना कोणी शिकविले नाही.

१९१३ च्या जुलै महिन्यात नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघे भागीदार, तिघेही आपापल्या कामात श्रेष्ठ. नारायणराव नायिकेचे काम करणारे, बोडस कसलेले नट, आणि टेंबे पेटीवादक व संगीतकार. बडोद्याच्या श्रीमंत सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला. १९१६ साली खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ आले आणि नारायणरावांची रुक्मिणी घरोघर पोचली. १९१९ च्या फेब्रुवारीत बडोद्यास गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आला. गडकरी मास्तर त्याच्या आदल्याच महिन्यात वारले होते. त्यांना आपले नाटक पाहावयास मिळाले नाही.

माझी आजी त्या दिवसांत गिरगावात राहत असे. आजोबा गिरणीत होते. मसुऱ्याची पुष्कळ माणसे तेव्हाही पोटासाठी मुंबईस असत. आजीने बालगंधर्वांची दोन नाटके पाहिली होती, आणि म्हातारपणी ओटीवर बसून ती आम्हांला त्यांची हकिगत सांगे. दुधाच्या हिशेबातून वाचवून ठेवलेल्या पैशांतून तिने तिकीट काढले होते. आजोबांना ते पुष्कळ दिवसांनी कळले. नाटकगृहात शिरताच अत्तराचा वास येई, असे ती सांगे. रुक्मिणीचा शालू, दागिने, केसांतली फुले यांचे वर्णन ती दहादा करी. पण तिच्या डोळ्यांत पाणी येई ते ‘एकच प्याल्या’तल्या सिंधूचे ठिगळाचे लुगडे आठवून. ते लुगडे पाहून आपल्याच घरातली कोणी बाई उभी आहे असे वाटले, असे ती म्हणे. नारायणरावांच्या नेसण्याची आणि केशरचनेची नक्कल पुण्यामुंबईच्या बायका करीत, हे तर प्रसिद्धच आहे. पुरुषाने नेसावे आणि बायकांनी ते पाहून शिकावे, ही नवलाची गोष्ट त्या काळी घडली खरी.

आता मी माझ्या विषयाकडे वळते. अशा मंडळीची वही कशी असेल, याचा विचार करून पाहा.

जमेच्या बाजूला मुख्य रक्कम एकच, तिकिटांची विक्री. राजेरजवाड्यांचा आश्रय मिळे, मानपान होई, परंतु त्यावर रोजचा संसार चालत नाही. आणि तिकिटांची विक्री कधी? आठवड्यातून दोन-तीन खेळ, तेही गावात मुक्काम असेल तेव्हा. प्रवासाचे दिवस कोरडे. साथीचा रोग आला, पाऊस कोसळला, मुख्य नटाचा आवाज बसला, की तेही दिवस कोरडे.

खर्चाच्या बाजूला मात्र कोरडा दिवस नाही. संगीत नाटक मंडळी म्हणजे मोठे एकत्र कुटुंब. नट, गाणारी मुले, साथीदार, पडदे ओढणारे, कपडेपट सांभाळणारे, आचारी, नोकर, या सर्वांचा पगार आणि राहणे-जेवण मंडळीच्या माथी. खेळ असो वा नसो, चूल रोज पेटायची. गावोगाव बिऱ्हाडाची जागा भाड्याने घ्यायची, नाटकगृहाचे भाडे भरायचे, पडदे आणि सामान रेल्वेने न्यायचे. नवे नाटक बसवायचे तर नाटककाराचा मोबदला, नवे पडदे, नवे कपडे, महिनोन्महिने तालमी. आणि हे सर्व पहिले तिकीट विकले जाण्यापूर्वी. एखाद्या रात्री नाटकगृह तुडुंब भरले, म्हणजे लोकांना वाटते की मालकाने पैसा केला. आपल्या नाटकालाही मांडव भरला की लोक असेच म्हणतात! पण त्या एका रात्रीवर किती कोरड्या दिवसांचे ओझे असते, हे खजिनदारालाच माहीत.

हे झाले कोणत्याही मंडळीचे. गंधर्व मंडळीचे खर्चाचे पान याहून फार लांब होते, आणि त्याला कारण नारायणरावांचा स्वभाव. रंगभूमीवर खोटे काही चालायचे नाही, असा त्यांचा हट्ट. उंची शालू हवेत, अत्तरे खरी हवीत, अंथरायला गालिचे हवेत. साथीला थोर माणसे हवीत. सारंगीला कादरबक्ष, तबल्याला अहमदजान थिरकवा. असे कलावंत स्वतःच्या बैठकींतच शोभायचे, ते या मंडळीत नाटकाच्या साथीला बसले. पंगतीलाही तेच. बिऱ्हाडी आलेला पाहुणा जेवल्यावाचून जायचा नाही. १९२० साली खाडिलकरांचे ‘द्रौपदी’ आले तेव्हा मयसभेच्या थाटावर पाण्यासारखा पैसा ओतला गेला. मयसभेत दुर्योधनाला पाणी असेल तेथे जमीन दिसली आणि जमीन असेल तेथे पाणी. त्या नाटकाच्या जमाखर्चाविषयी वाचताना माझ्या मनात आले की मालकाचेही तसेच झाले असावे. नाव इतके मोठे होते की त्याच्या झगमगाटात खाली पाणी आहे हे दिसेना.

हा हट्ट नुसता छानछोकीचा होता असे मात्र कोणी समजू नये. आजीला जे अत्तर साठ वर्षे आठवले, ते या हट्टातूनच आले. थिरकव्यांचा तबला साध्या गिरणी कामगाराच्या बायकोच्या कानी पडला, तोही या हट्टामुळेच. खर्च वाया गेला असे मी म्हणणार नाही. तो कोणी, कधी आणि कशातून करायचा हे ठरविणारे माणूस जागेवर नव्हते, एवढेच माझे म्हणणे.

भागीदारीही टिकली नाही. आधी गोविंदराव टेंबे बाहेर पडले, पुढे गणपतराव बोडसही गेले. १९२१ साली नारायणराव मंडळीचे एकटे मालक झाले, आणि मालकीबरोबर कर्जाचा डोंगरही एकट्याच्या डोक्यावर आला. घरात जशी एक करणारी, एक आवरणारी आणि एक विचारणारी असावी लागते, तशी मंडळीतही लागतात. विचारणारे कोणी उरले नाही की करणाऱ्याचे हात सैल सुटतात.

त्याच वर्षाची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लोकमान्यांच्या निधनानंतर टिळक स्वराज्य फंड सुरू झाला होता. त्या फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाटकगृहात ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग झाला. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर ललितकलादर्शचे केशवराव भोसले. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन मंडळ्या एका रंगभूमीवर आल्या. तिकिटांचे दर शंभर रुपयांपर्यंत चढले, तरी जागा पुरेना. एका रात्रीचे उत्पन्न सोळा हजारांच्या वर गेले. सोने तेव्हा किती स्वस्त होते हे लक्षात घेतले, म्हणजे या रकमेचा अंदाज येईल. ती रक्कम फंडाला गेली. ज्याच्या दारात सावकार उभे होते, त्याने आपल्या कर्जाकडे न पाहता देशाच्या कामासाठी ती रात्र दिली. केशवराव भोसले पुढे तीनच महिन्यांत वारले, त्यामुळे तो प्रयोग लोकांच्या मनात अधिकच राहिला.

या रात्रीने एक गोष्ट सिद्ध केली. लोक पैसे द्यायला तयार होते. गंधर्व मंडळीला प्रेक्षक कमी पडले म्हणून ती कर्जात बुडाली, असे मुळीच नव्हते. उत्पन्न भरपूर होते; ते धरून ठेवणारे भांडे गळके होते.

आता कर्जाचे काय झाले ते ऐका. कर्जदार माणसाला नादारीचा मार्ग कायद्याने मोकळा असतो. बाहेर पडलेल्या भागीदारांकडे बोट दाखविणेही सोपे असते. नारायणरावांनी यांतले काही केले नाही. खेळामागून खेळ करून, गावोगाव हिंडून, सुमारे सात वर्षांत त्यांनी ते कर्ज फेडले. रात्र रात्र शालू नेसून गायचे, आणि आलेला गल्ला सावकाराच्या हाती जायचा. आपण नेहमी त्यांच्या गळ्याचे कौतुक करतो. मला विचाराल तर या सात वर्षांचे कौतुक त्याहून अधिक करावे. शब्द पाळणारा माणूस होता तो.

आणि तरीही, भगिनींनो, कर्ज फिटल्यावर वही बदलली नाही! हीच खरी दुःखाची गोष्ट आहे. पुन्हा तोच थाट, त्याच पंगती, तोच सैल हात. फेडण्याची ताकद आहे म्हणून पुन्हा काढायला भय वाटेनासे झाले. घरगृहस्थीतही असे होते. एकदा दागिने सोडवून आणले की पुन्हा गहाण टाकायला हात कचरत नाही.

या वेळी काळही बदलला होता. १९३१ साली आपल्या देशात बोलपट आला. पुढच्याच वर्षी प्रभातचा मराठी ‘अयोध्येचा राजा’ आला. नाटकाच्या एका तिकिटाच्या पैशांत घरातल्या सर्वांना बोलपट दिसू लागला. नाटकगृहांची बोलपटगृहे होऊ लागली. नारायणरावांचेही वय वाढले होते. पंचेचाळिशीच्या नटाने नवतरुणी व्हावे, हे नव्या प्रेक्षकाला पूर्वीसारखे पटेना. १९३४ अखेर मंडळीचे काम थांबले. नारायणराव प्रभातमध्ये गेले आणि १९३५ साली शांतारामबापूंच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात संत एकनाथ झाले. पण ते त्यांचे घर नव्हे. समोर मायबाप प्रेक्षक नाहीत, दाद नाही, पुन्हा एकदाची मागणी नाही, नुसते यंत्र. त्यांचे मन तेथे रमले नाही. एका चित्रपटानंतर ते परत नाटकाकडे वळले.

पुढे गोहराबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. नारायणरावांच्या गाण्याची त्यांना लहानपणापासून ओढ. त्या स्त्रीभूमिका करू लागल्या आणि नारायणराव हळूहळू पुरुषभूमिकांकडे वळले. या संबंधाविषयी त्या काळी पुष्कळ बोलले गेले. पहिल्या पत्नी लक्ष्मीबाई १९४० साली वारल्या. १९५१ साली नारायणराव आणि गोहराबाई यांचा विवाह झाला. लक्ष्मीबाईंनी मुलांची मरणे पाहिली, नवऱ्याचे वैभव पाहिले आणि कर्जही पाहिले. त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. गोहराबाईंनी उतारवयात त्यांना सांभाळले, त्या अपंग झालेल्या माणसाची सेवा केली, हेही तितकेच खरे. आपण बायकांनी दोघींचीही आठवण ठेवावी.

शेवटचे दिवस हलाखीचेच गेले. पायांनी साथ सोडली. भजनाचे कार्यक्रम करून दिवस काढावे लागले. मान मात्र पुष्कळ मिळाला. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक, १९६४ साली पद्मभूषण. त्याच १९६४ साली गोहराबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास नारायणरावांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाचे रंगमंदिर पुण्यात २६ जून १९६८ या त्यांच्या जन्मदिनी उघडले. ते पाहायला ते नव्हते.

हे सर्व वाचून झाल्यावर मला आपल्या जत्रेतले दशावतारी आठवले. कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगावच्या देवळांत जत्रा सुरू होतात आणि दशावतारी मंडळी पेटारा घेऊन येतात. त्यांचा थाट पाहा : मागे एक पडदा, पुढे एक बाकडे. त्याच बाकड्यावर राजाचे सिंहासन आणि तोच पर्वत. साथीला पेटी, मृदंग आणि झांज. नट आपला चेहरा आपणच रंगवितो. संवाद लिहिलेले नसतात, ते उभ्या उभ्या सुचतात. म्हणून नाटककाराचा खर्च नाही. गावाचा मान ठरलेला, त्यात सर्वांची वाटणी. थिरकव्यांचा तबला तेथे नाही हे खरे, पण शेकडो वर्षे हे खेळ चालले आहेत. खर्च आवाक्यात ठेवून जी कला जगते, ती पिढ्यान्‌पिढ्या जगते. गंधर्व मंडळीने जे स्वर्ग दाखविले ते दशावतार दाखवू शकला नाही. आणि दशावतार जितका टिकला, तितकी गंधर्व मंडळी टिकली नाही. दोन्ही गोष्टी मनात ठेवायला हव्यात.

हिराबाई बडोदेकरांचीही (१९०५–१९८९) आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही. त्यांनीही नाटक मंडळी चालविली, आणि तीत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करीत. ती मंडळीही कर्जात गेली. हिराबाईंनी मंडळी बंद केली, गाण्याच्या मैफली करून कर्ज फेडले, आणि पुन्हा त्या वाटेला गेल्या नाहीत. कोठे थांबायचे ते त्यांनी जाणले. गळा दोघांचाही देवाचाच. फरक वहीत पडला.

आता मी सभेत वही का मिटली ते सांगते.

गेल्या वर्षीच्या नाटकालाही तूट आली होती. ती कोणाला कळली नाही, कारण ती मी माझ्या घरातून भरली. धाकट्या मुलाने वाढदिवसाला दिलेले पैसे माझ्याकडे होते, ते मी घातले, आणि वहीत ती रक्कम किरकोळ देणगी म्हणून लिहिली. जमा आणि खर्च बरोबर जुळले. सर्वांनी टाळ्या वाजविल्या, आणि मलाही बरे वाटले. मंडळावरील प्रेमाने केले, असे मी मनाला समजाविले. पण त्या टाळ्यांमुळेच यंदा नाटक समितीने धीर करून खर्च वाढविला. गेल्या वर्षी जमले, यंदाही जमेल, असे त्यांना वाटले. त्यांची काय चूक? वहीने त्यांना खोटे सांगितले होते, आणि वही माझ्या हातची होती.

बालगंधर्वांचे चरित्र वाचताना मला माझीच चूक मोठ्या अक्षरांत दिसली. कलेवर प्रेम करावे, पदरचे घालावे, पण हिशेबाला डोळे असू द्यावेत. तूट झाकली की ती मरत नाही, अंधारात वाढते. म्हणून ही गोष्ट मी येथे, आपल्या सर्वांच्या हाती जाणाऱ्या स्मरणिकेत, लिहून ठेवीत आहे. ती रक्कम मला परत नको. पण वहीत तिचे खरे नाव लागावे, अशी माझी विनंती आहे.

आणि नाटक बंद करावे काय? माझे मत विचाराल तर करू नये. हळदीकुंकवाला आपण एकमेकींच्या घरी जातोच. पण वर्षातून एकदा तालमीला एकत्र बसून, ज्या बाईने आयुष्यात कधी चार माणसांत तोंड उघडले नाही तिने राजाचे भाषण ठणकावून म्हणावे, हे सुख दुसऱ्या कशात नाही. ते टिकवायचे असेल तर तीन गोष्टी कराव्यात, असे सुचविते. नाटकाची वही मंडळाच्या वहीपासून वेगळी असावी. वर्गणी आणि जाहिराती हाती आल्यावरच पडदे आणि दिवे ठरवावेत, आणि जेवढे जमले असेल तेवढ्याच थाटात नाटक करावे. बाकड्यावर सिंहासन मांडता येते हे आपल्या गावाला कोणी शिकवायला नको. तिसरी गोष्ट, नाटकानंतर पंधरा दिवसांत हिशेब सर्वांसमोर मोठ्याने वाचावा, तूट असेल तर तुटीसकट. आणि खजिनदाराला प्रश्न विचारणारी एक बाई दर वर्षी मुद्दाम नेमावी. पहिल्या वर्षी त्या कामी, सभेत रागावलेल्या वडीलधाऱ्या बाईंनाच नेमावे. कलेची चाड ज्यांना आहे, त्यांनीच वही तपासावी.

आजीने दुधाच्या पैशांतून वाचवून तिकीट काढले होते. गंधर्व मंडळीचा सारा थाट अशाच आण्या-पैशांवर उभा होता. आपल्या मंडळाची वर्गणीही कोणी अंडी विकून दिलेली असते, कोणी कोकमे विकून, कोणी शिवणाच्या पैशांतून. त्या पैशाला जागणे हीच प्रेक्षकांची पूजा. बालगंधर्वांना ती पूजा रंगभूमीवर साधली. आपल्याला ती रंगभूमीवर त्यांच्यासारखी साधणार नाही. निदान वहीत तरी साधू या.